रोलर, नाइफ आणि मौन

वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. दिल्लीच्या निजामुद्दीन ईस्टमधल्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटा राहणारा, लग्न न केलेला, मोजके मित्र सोडले तर कुणाशी फार न बोलणारा, वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे करणारा आणि बाकीचा वेळ नुसता बसून असणारा. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले तेव्हा चित्रकार आणि संग्राहकांच्या वर्तुळाबाहेर हे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी रुपयांच्या वर गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले, २०२१ मध्ये आणखी एका चित्राला जवळपास ४० कोटी मिळाले, आणि बघता बघता या माणसाची आख्यायिका झाली. तिचा मथितार्थ असा, की गायतोंडे योगी होते, त्यांना आत काहीतरी दिसत होते, आणि दिसले ते कॅनव्हासवर उतरले. ही मांडणी आदरापोटी झाली आहे हे खरे. पण तिने क्रम उलटा लावला आहे. मौन आधी आणि चित्र नंतर, असे ती सांगते. चित्रे वेगळी साक्ष देतात. त्यांतली शांतता हाताने, अवजाराने, रंगाच्या रसायनाने आणि असंख्य बारीक निर्णयांनी घडवलेली आहे. प्रेरणा म्हणतात ती गोष्ट गायतोंडे यांच्याजवळ चित्राच्या आधी तयार होऊन बसलेली नव्हती. ती चित्र करता करता तयार होत होती.

चित्रात ओळखीचे काही दिसले नाही, की आपण चित्रकाराच्या आयुष्यात किल्ली शोधू लागतो. काही चित्रकार ती आपणहून हातात देतात. सय्यद हैदर रझा यांनी आपल्या चित्रांतल्या बिंदूचे मूळ मध्य प्रांतातल्या शाळेत शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्यात असल्याचे वारंवार सांगितले. रामकुमार १९६० च्या सुमारास बनारसला गेले; तिथले घाट, घरे आणि नदी त्यांच्या चित्रांत कशी विरत गेली, हे टप्प्याटप्प्याने दाखवता येते. गायतोंडे यांच्या बाबतीत हा खटाटोप फसतो. जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा, घराणे गोव्याचे, वाढले गिरगावातल्या चाळीत, १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. या चरित्रातून हाती लागण्यासारखी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे मुंबईचा समुद्र. साठच्या दशकातली त्यांची आडवी चित्रे पाहून अनेकांनी समुद्राचे नाव घेतलेही आहे: मधोमध धूसर पट्टा, वर-खाली रंगाचा विस्तार, म्हणजे हे क्षितिजच. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ते काम करत, ती जागा समुद्राकाठची असल्याने तर्काला बळही मिळते. पण साठचे दशक संपता संपता त्यांनी कॅनव्हास उभा केला. उभ्या चित्रात नजर वरून खाली उतरते आणि क्षितिज शोधण्याची डोळ्यांची सवय मोडते. पुढे १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले. तिथे समुद्र नव्हता, तरी चित्रातली तरंगती खोली गेली नाही. उलट सत्तरच्या दशकात ती जास्त दाट झाली. समुद्र हे कारण असते तर कारण दूर गेल्यावर परिणाम इतका सुखरूप राहिला नसता. एखादी वस्तू समोर धरायची आणि ती गाळत गाळत न्यायची, ही त्यांची रीतच नव्हती. म्हणूनच आपल्याला अमूर्त चित्रकार म्हटलेले त्यांना पटत नसे.

मग ते या जागी पोहोचले कसे? एखाद्या रात्री साक्षात्कार झाला आणि आकृत्या गळून पडल्या, असे काही घडलेले नाही. सुरुवातीची चित्रे मनुष्याकृतींची आहेत. त्यांत जैन पोथ्यांतल्या आणि बसोली शैलीतल्या लघुचित्रांचा सपाट, धीट रंग दिसतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते काही काळाने जोडले गेले, पण त्या गटातल्या सुझा किंवा हुसेन यांच्यासारखी आकृतीची ओढ त्यांना राहिली नाही. पन्नासच्या दशकात पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव आला: रेषा नाजूक झाली, आकार चिन्हांसारखे झाले, रंगाला स्वतःची हवा मिळाली. १९५७ मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले ते या वळणावर. त्यानंतरच्या थोड्या वर्षांत रेषा मागे पडली, चिन्हे विरली आणि पृष्ठभाग हाच विषय झाला. हे सारे घडले तेही भरवस्तीत. भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकर यांची किन्नर ही संगीतशाळा तिथेच होती, हुसेन होते, चित्रकार नसरीन मोहम्मदी तिथेच गायतोंडे यांच्या संपर्कात आल्या. एकांतवासाची आख्यायिका दिल्लीतल्या पुढच्या तीस वर्षांवरून रचलेली आहे. निर्णायक वळण मुंबईतले आहे, आणि दहा-बारा वर्षे चाललेल्या वजाबाकीचे आहे. एकेक वस्तू काढून टाकली, तर चित्र उभे राहते का, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नुसत्या चिंतनाने ते ठरवता येत नाही.

आता प्रत्यक्ष पृष्ठभागाकडे यावे, कारण खरा पुरावा तिथे आहे. गायतोंडे यांनी ब्रश जवळपास बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ हाती घेतले. पातळ केलेला तैलरंग रोलरने पसरायचा, नाइफने खरवडायचा, पुन्हा वर थर द्यायचा. त्यातच त्यांनी कागदाची एक युक्ती बसवली होती. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवायचे, वरून दाब द्यायचा आणि कागद उचलायचा. कागदाबरोबर काही रंग निघून येतो, खालचा थर उघडा पडतो, आणि कडेला असा आकार उरतो जो कुठल्याही हाताने रेखाटलेला नसतो. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत लिपीसारखी, पण कुठल्याच भाषेत न वाचता येणारी जी चिन्हे तरंगताना दिसतात, त्यांच्या घडणीत या उचलाउचलीचा मोठा वाटा आहे. चित्राला आतून उजेड आहे असे पाहणारा म्हणतो, त्याचेही कारण सांगता येते. रंगाचा थर पातळ आणि पारदर्शक असला, की प्रकाश त्यातून खालच्या फिक्या भूमीपर्यंत जातो आणि तिथून परत फिरून डोळ्यांत येतो. जाड, अपारदर्शक रंगात तो वरच्या वर परततो. म्हणजे ज्याला आपण आत्म्याचा प्रकाश म्हणतो, तो थर किती पातळ ठेवायचा आणि कुठे खरवडून थांबायचे या निर्णयाचा परिणाम आहे. असे म्हटल्याने चित्राचे मोल कमी होत नाही. ते मोल कुणाच्या कष्टातून आले, एवढेच स्पष्ट होते.

त्यांच्या प्रसिद्ध थांबण्याचाही विचार याच अंगाने करायला हवा. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. वरचा पापुद्रा धरायला काही दिवस लागतात, थर आतपर्यंत पक्का व्हायला महिने जातात, आणि प्रत्येक रंगद्रव्याची चाल निराळी असते. अंबरसारखे मातीचे रंग लवकर सुकतात, काही काळे रंग रेंगाळतात. कागदाने रंग उचलायचा तर तो नेमक्या अवस्थेत असावा लागतो. फार ओला असला तर फराटा उठतो, वाळला असला तर कागद कोराच परत येतो. वर पातळ थर द्यायचा तर खालचा पुरेसा धरलेला हवा, नाहीतर दोन्ही मिळून चिखल होतो. अशा पद्धतीने काम करणारा माणूस थांबणार नाही तर काय करील? साठच्या दशकात अॅक्रिलिक रंग अमेरिकेत मिळत होते. ते काही मिनिटांत सुकतात. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेल्या चित्रकाराला ते ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही त्यांचे कॅनव्हास प्रामुख्याने तैलरंगातलेच राहिले. मंद माध्यम पत्करण्यात एक सोय होती: एका थरानंतर दुसरा देण्याआधी पाहायला वेळ मिळत होता. बरसातीत नुसता बसलेला जो माणूस आख्यायिकेत दिसतो, तो माझ्या मते समोरच्या ओल्या कॅनव्हासकडे बघत पुढचे पाऊल ठरवणारा माणूस आहे. बसणे हा कामाचाच भाग होता, आणि वर्षाला पाच-सहा चित्रांचा हिशेबही त्यातूनच लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. गायतोंडे यांनी स्वतःच झेन विचाराचा प्रभाव सांगितला. जे. कृष्णमूर्ती त्यांनी वाचले, रमण महर्षींविषयी त्यांना ओढ होती, खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडे ते जात. मग त्यांच्या अध्यात्माला रंगाच्या रसायनात बसवणारे आपण कोण? पण त्या प्रभावांकडेच नीट पाहावे. त्यांना महत्त्वाचे वाटलेले एक पुस्तक म्हणजे ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाचे झेन आणि धनुर्विद्येवरचे छोटे पुस्तक. हेरिगेल जपानात जाऊन वर्षानुवर्षे काय शिकला, तर धनुष्य कसे ओढायचे, श्वास कसा ठेवायचा, बाण कसा सोडायचा. मन शांत झाले की मग धनुष्य हातात देऊ, असे त्याच्या गुरूने म्हटले नाही. धनुष्य ओढता ओढताच मन जागेवर येते, असा तो मार्ग आहे. निसर्गदत्त महाराज खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवत, आणि कामातूनच अध्यात्म साधण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला आणि गोरा कुंभार माती तुडवता तुडवताच विठ्ठलनामात रंगला, असे वारकरी परंपरा सांगते. अध्यात्म आणि काम यांत भिंत घालणारी आख्यायिका गायतोंडे यांच्या गुरूंनाही मान्य झाली नसती. त्यांच्या अध्यात्माचा आदर करायचा तर ते कुठे आचरले गेले तेही सांगितले पाहिजे, आणि ती जागा कॅनव्हाससमोरची आहे.

दुसरा आक्षेप कलेच्या इतिहासाचा आहे. हे सगळे अमेरिकन चित्रकार मार्क रोथकोकडून आले, न्यूयॉर्कला जाऊन गायतोंडे बदलले, असे बऱ्याचदा ऐकू येते. दोघांत साम्य आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठे क्षेत्र, थोडे रंग, कडा विरघळलेल्या, आणि पाहणाऱ्याला वेढून घेण्याची इच्छा. पण काळाचा हिशेब जुळत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गायतोंडे यांचे जे चित्र आहे ते १९६२ चे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या आधीचे, आणि त्यात आकृती संपलेली आहे. छापील चित्रांतून रोथको आधी पोहोचला असेल, हे मानायला हरकत नाही. तरी कामाची रीत दोघांची वेगळी राहते. रोथको ब्रशने पातळ रंगाचे लेप एकावर एक चढवत गेला. त्याचे आयत कॅनव्हासवर जमून उभे राहतात आणि त्यांची मांडणी ठाम असते. गायतोंडे थर देतात तितकेच काढूनही घेतात. त्यांच्या चित्रात आकार कधी ठरलेल्या जागी बसलेला नसतो. तो खरवडण्यातून, उचलण्यातून वर येतो आणि अर्धवट पुन्हा बुडतो. परिणामाचे साम्य पाहून उगम एक मानण्याची चूक होते, कारण आपण चित्र कसे दिसते तेवढेच पाहतो. ते कसे झाले हे पाहिले, तर उसनवारीचा आरोप टिकत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीला सर्वांत अडचणीत आणणारा आहे, आणि तो गायतोंडे यांच्याच आयुष्यातून येतो. १९८४ मध्ये झालेल्या एका अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास काही वर्षे बंद पडले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेही थांबले. तेव्हा, आपण मनात चित्रे करतच असतो, ती कॅनव्हासवर आणण्यात आता शक्ती खर्च करायची नाही, अशा अर्थाचे ते बोलले होते. मनातच चित्र पूर्ण होत असेल तर रोलर, नाइफ आणि जवसाचे तेल यांना इतके महत्त्व कशाला? याला दोन उत्तरे आहेत. पन्नास वर्षे हाताने काम केलेल्या माणसाच्या मनात जे चित्र चालते, ते हाताने शिकवलेले चित्र असते. मुरलेला गवई गप्प बसूनही राग आळवू शकतो, पण ती आळवणी त्याच्या गळ्याच्या रियाजातूनच आलेली असते. ज्याने कधी सूर लावला नाही, त्याला ती जमणार नाही. दुसरे उत्तर अपघातानंतरच्या कामात आहे. शरीर मोठ्या कॅनव्हासला साथ देईना, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामे केली, आणि ती चित्रे वेगळी झाली: थर गेले, खोली गेली, त्या जागी चपळ खूण आणि कागदाचा पांढरा अवकाश आला. दृष्टी आतमध्ये पूर्ण तयार असती आणि साहित्य हे केवळ तिचे वाहन असते, तर वाहन बदलल्याने आतला ऐवज एवढा बदलला नसता.

चौथा आक्षेप रसिकाचा आहे. सगळे तंत्रच असेल, तर रोलरने भिंत रंगवणाऱ्या कारागिरात आणि गायतोंडे यांच्यात फरक काय? फरक हा, की भिंत रंगवणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. रोलरची खूण दिसेनाशी झाली आणि रंग सर्वत्र सारखा बसला, की त्याचे काम फत्ते. गायतोंडे यांचे काम रंग असमान पडतो तिथे सुरू होते. अपघाताने उठलेली एक खूण ठेवायची की पुसायची, ती ठेवली तर तिच्याशी तोल साधायला कुठे काय काढावे लागेल, आणि मुख्य म्हणजे कधी हात थांबवायचा, या प्रश्नांना आधी लिहिलेले उत्तर नसते. तंत्र शिकवता येते, पण हा निवाडा प्रत्येक कॅनव्हासवर नव्याने करावा लागतो. अर्थाच्या प्रश्नालाही इथूनच उत्तर मिळते. आलापाचा अर्थ विचारत नाही तसा चित्राचाही विचारू नये, असे म्हणून आपल्याकडे हा प्रश्न निकालात काढला जातो. ती तुलना अर्धीच खरी आहे. आलाप काळात उलगडतो, ऐकणाऱ्याला तो स्वतःबरोबर चालवतो. चित्र एका क्षणात संपूर्ण समोर येते, आणि त्यामुळेच पाहणारा दहा सेकंदांत पुढे सरकतो. गायतोंडे यांनी थरांत काळ साठवून ठेवला आहे. कुठला थर आधीचा, कुठे काय काढले गेले, कुठली खूण वर आहे आणि कुठली खालून डोकावते, हे डोळ्यांनी उकलू लागलो की ते काम पाहणाऱ्याच्या वेळात पुन्हा घडू लागते. ज्याला लोक चित्रातले मौन म्हणतात, तो या उकलीत गेलेला, घाई सुटलेला वेळ असतो.

एवढा वाद घालण्याचे कारण व्यवहारातले आहे. योग्याची आख्यायिका बाजाराला सोयीची असते, कारण गूढ वस्तूची किंमत विचारली तरी कारण विचारले जात नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला मात्र ती घातक आहे. आत काही उमलल्याशिवाय कॅनव्हासला हात लावू नये, असे त्याला वाटू लागते, किंवा याच्या उलट, धूसर रंग फासून त्याला ध्यान म्हणण्याची मुभा मिळते. मुंबईतली या वळणाची परंपरा खरे तर कामाची परंपरा आहे. जे. जे. मध्ये शंकर पळशीकर यांच्या हाताखाली तयार झालेले प्रभाकर कोलते आणि त्यांच्यासारखे चित्रकार रंगाच्या वागण्यातूनच चित्राकडे गेले. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ लिहून आपली विचारपद्धती शब्दांत मांडली. गायतोंडे यांनी असे पुस्तक लिहिले नाही, म्हणून त्यांच्या पश्चात आठवणींनी ती जागा भरली. सतीश नाईक यांच्या संपादनाखाली ‘चिन्ह’ प्रकाशनाने २०१६ मध्ये गायतोंडे यांच्यावर काढलेल्या ग्रंथाने या आठवणींचा मोठा ऐवज मराठीत आणला, हे त्याचे श्रेय. पण आठवण माणसाची असते. तिसरा थर कधी दिला हे कुठल्याच मित्राला आठवणार नाही. ते कॅनव्हासलाच विचारावे लागते. गुगेनहाइमच्या प्रदर्शनात क्युरेटर संधिनी पोद्दार यांनी भर दिला तोही प्रक्रियेवरच.

कॅनव्हासलाच असे विचारण्याची सोय मुंबईत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची मूळ कामे आहेत. ती मूळच पाहायला हवीत, कारण छपाईत सगळे थर एकाच पापुद्र्यात दबून जातात आणि गायतोंडे यांचे चित्र नेमके तेवढेच गमावते ज्यासाठी ते पाहायचे. संग्रहालयांनी अशा चित्राशेजारी ध्यान आणि शून्य यांविषयीचा परिच्छेद लावण्याऐवजी पृष्ठभाग कसा घडला ते सांगावे, तिरप्या उजेडात टिपलेले छायाचित्र लावावे, कागदाने रंग उचललेल्या जागा दाखवाव्यात. त्याने गूढ नाहीसे होईल ही भीती अनाठायी आहे. एवढे सगळे कळल्यावरही, त्यांनी हात नेमका तिथेच का थांबवला याचे उत्तर शिल्लक राहते, आणि तो प्रश्न, त्यांना आत काय दिसत होते या प्रश्नापेक्षा पुष्कळ चांगला आहे. योग्याला माणूस नमस्कार करतो आणि पुढे जातो. कारागिरापुढे थांबावे लागते, त्याचे काम समजून घ्यावे लागते. गायतोंडे यांच्या वाट्याला पहिल्या प्रकारचा आदर भरपूर आला आहे. दुसऱ्या प्रकारचा द्यायचा राहिला आहे.